दोन्ही बाह्या एका हाताच्या

पट्टी वेदिकाच्या मनगटावर बसली आणि मला आधी ऐकू आला तो आवाज. लाकूड हाडावर आपटल्याचा, कोरडा आणि छोटासा. हात उचलल्याचं मला आठवत नाही. आवाज मात्र इतका ओळखीचा होता, की मार मलाच बसलाय असं वाटून माझ्या डाव्या हाताची बोटं आपोआप मुठीत गेली. मग दिसलं, की पट्टी माझ्या उजव्या हातात आहे. समोर माझी लेक, यंदा सातवीत जाणारी, मनगट पोटाशी धरून उभी आहे. आणि टेबलावर निळ्या फुलांच्या कापडाच्या दोन बाह्या नीट पसरून ठेवल्यात, दोन्ही उजव्या हाताच्या. ज्यानं कधी शिवलं नाही त्याला यात काय बिघडलं ते कळायचं नाही. बाहीचा पुढचा मुंढा, म्हणजे खांद्याला जोडायची गोलाई, मागच्यापेक्षा थोडा खोल कापावा लागतो, त्यामुळे या हाताची बाही त्या हाताला बसत नाही. कापड दुमडून दोन्ही एकदम कापल्या तर एक उजवी निघते, एक डावी. तुकड्यांतून एकेक कापली आणि कागदाचा नमुना पालटायला विसरलं, की दोन्ही एकाच हाताच्या होतात. शिकणारी प्रत्येक बाई हे एकदा करतेच. कापड तिच्या पप्पांनी आणलेलं, अजिंक्य बोटीवर असतो, कुठल्याशा बंदरावर उतरला होता तिथून. आणखी मिळण्यासारखं नव्हतं. पण हे सगळं मी नंतर स्वतःला सांगितलं. पट्टी बसली तेव्हा माझ्या डोक्यात कापड नव्हतं, काहीच नव्हतं.

"तू मारलंस?" वेदिका म्हणाली. तिनं खरंच विचारलं. तिला आजवर कुणी मारलं नव्हतं, त्यामुळे झालं त्याला मारणं म्हणतात की आणखी काही, याची तिला खात्री करून घ्यायची होती. उत्तर खिडकीपाशी खुर्चीत बसलेल्या माझ्या आईनं दिलं. "आता नाय इसरायची ती," आई म्हणाली. जेवण झाल्यावर माणूस बोलतं तशा तृप्त आवाजात म्हणाली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पट्टी अजून माझ्या हातात होती आणि ती कुणाच्या अंगावर पडायला हवी होती ते आता मला स्पष्ट दिसत होतं.

मी पट्टी टेबलावर ठेवली आणि बर्फ आणायला म्हणून स्वयंपाकघरात आले. नाचणे गावातल्या या फ्लॅटमध्ये पुढची खोली शिवणाची, मागे आम्ही राहतो. मे महिन्यातली दुपार. फणसाचे गरे काढून ठेवलेले, त्यांचा वास घरभर कोंडलेला, त्यात आईच्या मालिशच्या तेलाचा वास मिसळलेला. फ्रीजचं दार उघडून मी तशीच उभी राहिले. आईला अर्धांगवायूचा झटका आल्यावर मी तिला सावर्ड्याहून इकडे आणली. उजवी बाजू गेली. जीभ राहिली, आणि डावा हात राहिला. शेजारणी म्हणतात, सानिका आईचं किती करते. करते ना. तिला मी पेज भरवते, आणि भरवताना कधीकधी चमचा तिच्या दातांवर जरा जोरात लागतो. तिचे केस विंचरते, आणि गुंता निघत नसला की ओढते. ती हूं की चूं करत नाही. तिला आंघोळ घालताना, कात्री तिच्या त्या चांगल्या हाताच्या बोटांवर मिटते आहे असं मला दिसतं. कापडावर मिटते तशीच, सरळ, न अडखळता. हे दिसायला लागलं की मी पाणी भराभर ओतते आणि बाहेर येते. यातलं मी कुणाला सांगितलेलं नाही. अजिंक्य फोनवर विचारतो, आई कशा आहेत, आणि मी म्हणते, बऱ्या आहेत.

सावर्ड्याच्या बाजारात, हायवेला लागून आईचं, सगुणाबाईचं, दुकान होतं. दुकान कसलं, पत्र्याची एक खोली. तिच्यात एक पायमशीन, एक कोळशाची इस्त्री, आणि सगुणाबाईचा ब्लाउज एकदा बसला की बसला म्हणणाऱ्या बायकांची रांग. वाड्यावाड्यांतून यायच्या. बाबा मुंबईला गोदीत होते, गणपतीला आणि शिमग्याला येणारे. उरलेलं वर्ष त्या खोलीत मी आणि ती. मी शाळेतून आले की दप्तर टाकून काजं करायला बसायची. तिची पट्टी शिसवीची होती, एका कडेला पितळेची पट्टी ठोकलेली. त्या कडेनं ती बोटांच्या पेरांवर मारायची. तळहातावर कधीच नाही. तळहात मऊ असतो, म्हणायची. मशीनची सुई एकदा माझ्या तर्जनीतून आरपार गेली आणि आत मोडली. तिनं पक्कड घेतली, माझा हात मांडीखाली दाबला, तुकडा ओढून काढला, रॉकेलचा बोळा लावला, बोट बांधलं. आणि मग त्याच हातावर पट्टी मारली, सुई मोडली म्हणून. बोट कायम दाबाच्या, सुईखाली कापड दाबून धरणाऱ्या लोखंडी पायाच्या, अलीकडे ठेवायचं, कापड बाजूनं धरून न्यायचं, पुढून ढकलायचं नाही. ही युक्ती मला अशी मिळाली. रेशमी कापडाला उलट्या बाजूनं आणि वर सुती फडकं टाकूनच इस्त्री करायची, ही युक्ती मिळाली तेव्हा ती इस्त्री माझ्या गालाजवळ आणून तिनं धरून ठेवली होती. लागली नाही. गालावरची लव करपल्याचा वास आला, तेवढंच. गणपतीला बाबांनी माझं काळं पडलेलं नख बघितलं आणि विचारलं, काय झालं गो. मी म्हटलं, सुई लागली. ते खोटं नव्हतं. शिवणाऱ्याला लागायचीच, असं म्हणून त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि ते मखर बांधायला गेले.

म्हणून आई इकडे आल्यावर मी तिच्या युक्त्यांची कार्डं करायला घेतली. लोकांना याचं कारण वेगळं माहीत आहे. माझ्या शिवणाच्या क्लासला येणारी नम्रता म्हणाली होती, "ताई, तुमच्या आईंना एवढं येतं, ते एका जागी लिहून ठेवा ना. आमचं अडलं की पटकन बघता येईल." मी हसून हो म्हटलं. पण मला आईची विद्या जपायची नव्हती. मला ती उसवून काढायची होती. टाका न् टाका तिच्यातून ओढून बाहेर काढायचा, कागदावर मांडायचा, आणि मग तिला दाखवायचं, की हे बघ, हे सगळं कुणाच्याही हाडावर न मारता सांगता येतं. एवढुशा ओळीत मावतं. यासाठी तू माझं लहानपण कुटलंस. तेव्हा रोज दुपारी आईला पेज दिली की मी तिच्यासमोर बसायची आणि विचारायची. ती सांगायची. हातचं काही राखलं नाही तिनं, हे मान्य करायला हवं. गडद कापडावर खडू दिसत नसेल तर आंघोळीच्या साबणाची झिजलेली चिपटी वापर. अस्तर रात्रभर भिजवून, वाळवून मगच काप, नाहीतर पहिल्या धुण्याला आटतं आणि ब्लाउजला चुण्या पडतात. गुळगुळीत कापड मशीनखाली सरकत असेल तर खाली वर्तमानपत्राची पट्टी घाल, शिवून झाल्यावर फाडून टाक. उरेब, म्हणजे तिरका, कापलेला घेर दुमडायच्या आधी एक दिवस टांगून ठेव, तो आपल्या वजनानं ओघळतो, मग खालची कड सारखी कर. मी जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंवर लिहायची, एका कार्डावर एक युक्ती, आणि कोपऱ्यात त्या कापडाचा तुकडा टाचायची.

कार्डं लावायची कशी, यात माझे दोन पावसाळे गेले. आधी कपड्याप्रमाणे लावली, ब्लाउज, परकर, फ्रॉक, कुर्ता. बायका गोंधळायच्या. मग माझ्या लक्षात आलं, की सगळं नीट चाललेलं असताना कुणी कार्ड बघत नाही. कार्ड बघतात ते बिघडल्यावर. डाव्या हातानं कापड धरलेलं असतं, सुई अर्ध्यात थांबलेली असते, घाम आलेला असतो, आणि तेव्हा ब्लाउज हा शब्द काही उपयोगाचा नसतो. तेव्हा डोक्यात असतं ते एवढंच, की गळा उघडा पडतोय. बाही ओढतेय. टाके सुटतायत. म्हणून मी सगळी कार्डं बिघाडाप्रमाणे लावली. प्रत्येक बिघाडाचा वेगळा जुडगा, पडद्याच्या कडीत ओवलेला, मशीनच्या वर खिळ्याला टांगलेला, कडेला रंगीत दोरा. गळ्याला लाल, बाहीला हिरवा, मशीनच्या दुखण्यांना काळा. एका हातानं ओढून बघता येतं. नम्रतानं पहिल्यांदा हिरवा जुडगा ओढला, वाचलं, मान हलवली आणि पुन्हा शिवायला लागली. कुणी ओरडलं नाही, कुणाचं बोट सुजलं नाही. मला त्या दिवशी इतका आनंद झाला, की आत जाऊन मी रडले. आई खुर्चीतून हे बघत होती. "कागद बघून शिवतात काय गो?" ती म्हणाली होती. "हाताला कळाय पायजे. हाताला कळलं, का कागद लागत नाय."

आणि आज त्या हिरव्या जुडग्यातलं पहिलंच कार्ड, माझ्याच अक्षरातलं, माझ्यापासून हातभर अंतरावर लोंबत होतं. दोन्ही बाह्या एका हाताच्या झाल्या तर. त्याखाली लिहिलंय, घाबरू नये. दोन्ही बाह्या सुलट बाजू समोरासमोर ठेवून एकावर एक घ्याव्यात आणि मुंढा पुन्हा कापावा. बाही बोटभर आखूड होते, बाकी काही होत नाही. बोटभर! एवढ्यासाठी. आणि घाबरू नये हे मी लिहिलंय, मी, दोन पावसाळे बसून, कुणाला तरी आईसारखी आई भेटलीच तर त्या पोरीला आधार असावा म्हणून. ते मला वाचावंसं वाटलं नाही. माझ्या हाताला काही वाचायची गरजच पडली नाही. फ्रीजसमोर उभी राहून मी मनात एक घाणेरडा खेळ खेळायला लागले. कार्ड न बघता मला काय काय आठवतं? बोट दाबाच्या अलीकडे, हे आठवतं. रेशमाची इस्त्री आठवते. काजाचे टाके कुठून सुरू करायचे ते आठवतं, त्याच्याबरोबर तिनं कानाच्या पाळीला काढलेला चिमटा आठवतो. साबणाची चिपटी मात्र मी दर वेळी विसरते आणि खडू शोधत बसते. वर्तमानपत्राची पट्टी विसरते. ज्या युक्त्या तिनं आता खुर्चीत बसून, गोड आवाजात, पेज पिऊन सांगितल्या, त्यातली एकही माझ्या अंगात उतरलेली नाही. म्हातारी खरं बोलत होती की काय? मी बर्फाचा ट्रे ओट्यावर इतक्या जोरात आपटला, की एक कड फुटली.

बाहेर आले तर वेदिका आजीच्या खुर्चीजवळ स्टुलावर बसली होती. मनगटावर पट्टीच्या रुंदीचा लाल वळ उठला होता. मी बर्फ फडक्यात गुंडाळून पुढे केला. तिनं घेतला नाही, पण हात मागेही ओढला नाही. माझ्याकडे बघितलंच नाही तिनं. "सांग बघू," आई तिला म्हणत होती, "बाही कापताना काय करायचं?" आणि वेदिका बोलायला लागली. कापड दुमडून घ्यायचं, सुलट बाजू आत. तुकड्यांतून कापायची असेल तर पहिली कापून झाल्यावर नमुना पालटायचा. पुढच्या मुंढ्यावर आधी खूण करायची. एकही शब्द न चुकता. हीच मुलगी सुट्टी लागल्यापासून हे सगळं कार्डांवर बघून बघून विसरत होती. आईनं माझ्याकडे बघितलं. तोंडाची एक बाजू लुळी असल्यामुळे तिचं हसू अर्धंच येतं, पण आलं. "बघ," ती म्हणाली. "तुजे कागद बघ नि ह्ये बघ." मला तिथल्या तिथे ते सगळे जुडगे खिळ्यावरून ओरबाडून खिडकीबाहेर फेकावेसे वाटले. आणि त्याच वेळी, लाज वाटते पण खरं आहे, पोरगी इतकं नीट बोलली याचा मला अभिमानही वाटला. कौतुकानं माझा ऊर भरून आला होता. मारून शिकवलेल्या पोरीचं कौतुक. आईला माझं असंच वाटत असणार. काळ्या नखाच्या पोरीनं पहिलं सरळ काज केलं तेव्हा तिचाही ऊर असाच भरून आला असणार, आणि मी तेव्हा तिच्या तोंडाकडे बघून पाघळले होते. तेच मिळवायला मी पुढची सगळी वर्षं मार खाल्ला.

"आता ह्या दोन नीट कर," आई वेदिकाला म्हणाली. "ये, मी दावते." तिचा आवाज मऊ झाला होता. या घरात आल्यापासून एवढी खूश मी तिला पाहिली नव्हती. तिनं वेदिकाला टेबल खुर्चीला लावायला सांगितलं. बाह्या एकावर एक ठेवून घेतल्या. "सुलट आत. हां. आता धर कात्री. दम खायाचा नाय मधी. एका दमात वळवायची." वेदिकानं कात्री उचलली. शिवणाची कात्री जड असते, आणि तिचं मनगट सुजत चाललं होतं. मी म्हटलं, "राहू दे गं आज, उद्या कर." दोघींपैकी कुणी ऐकलं नाही. कात्री वळणावर आली, मनगट कळवळलं, आणि पातं वाकडं जाऊन मुंढ्यात एक खाच पडली. वेदिकानं श्वास आत ओढला. मी मघाशी टेबलावर ठेवलेली पट्टी आईच्या डाव्या हातात कधी आली ते मी पाहिलं नाही. मी पाहिला तो हात वर गेलेला. उजवी बाजू मेलेली बाई, पण त्या हाताला काय वेग होता! आणि माझी लेक, जिला सकाळपर्यंत मारणं म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं, ती बोटं मुठीत घेऊन, डोळे मिटून, हात टेबलावर तसाच ठेवून वाट बघत होती. तिनं हात काढून घेतला नाही. मार येणार आहे आणि तो घ्यायचा असतो, हे तिला एका दुपारीत कळलं होतं.

मी आईचं मनगट हवेतच धरलं. इथपर्यंत कुणीही केलं असतं. पट्टी निसटून फरशीवर पडली. तरी मी सोडलं नाही. मी दाबलं. त्या मनगटात मांस असं उरलेलंच नाही, कातडीखाली दोन हाडं, आणि ती एकमेकांवर सरकत होती. मी आणखी दाबलं. मला बरं वाटत होतं. खूप दिवस दुखणारा दात कुणी उपटावा तसं बरं वाटत होतं, आणि मला थांबायचं नव्हतं. सुई, इस्त्री, कानाची पाळी, सगळं माझ्या बोटांत उतरलं होतं. मोडेल, असं मनात आलं. मग मनात आलं, मोडू दे, म्हणजे हिला दोन्ही हात नसतील. आई ओरडली नाही. तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं, आणि त्या नजरेत भीती नव्हती. माझी शिवण सरळ आली की ती अशी बघायची. जमलं तुला, अशी. शेवटी हाताला कळलं, अशी. तरी माझी बोटं सुटली नाहीत.

"आई, सोड." वेदिका म्हणाली. "आजीला लागतंय."

मला ऐकू येत होतं. हात ऐकत नव्हता. मग तिनं येऊन माझं करंगळीचं बोट धरलं आणि मागे वाकवलं, नंतर त्याच्या शेजारचं, नंतर मधलं. तिच्या मनगटावरचा वळ माझ्या डोळ्यांसमोर होता आणि ती माझी बोटं सोडवत होती. आईचा हात सुटला तसा वेदिकानं तो दोन्ही हातांनी आजीच्या मांडीवर ठेवला. मग ती मागे सरकली, आम्हा दोघींच्या हाताला लागणार नाही इतकी मागे, दारापाशी. "मी पप्पांना सांगणार आहे," ती म्हणाली. "तू मारलंस ते. आजी मारणार होती ते. आणि तू आजीला धरलंस ते पण."

"घरातलं भायेर सांगतात काय गो?" आई म्हणाली. तिला नाही, मला. माझ्याकडे बघून, मी आता काय बोलायचं ते मला आठवण करून दिल्यासारखं. आणि ते माझ्या जिभेवर आलं होतंच. पप्पा बोटीवर असतात बाळा, त्यांना कशाला काळजी. लागलं का माझ्या सोन्याला, ये, फणसाचे गरे खाऊ या. सगळी वाक्यं तयार होती, एकामागून एक. मी तोंड उघडलं. वेदिका माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि मला दिसलं, की मी यातलं एक जरी बोलले तरी ती ऐकेल. ती हसेलसुद्धा. आणि उद्या कुणी विचारलं, तर सांगेल, पट्टी लागली.

"सांग," मी म्हटलं.

तिला खरं वाटलं नाही. मी मशीनवरचा माझा फोन उचलला, अजिंक्यचं नाव काढलं आणि फोन तिच्याकडे सरकवला. तो समुद्रात असला की फोन लागत नाही. आवाज रेकॉर्ड करून ठेवावा लागतो, मग रेंज आली की तो ऐकतो. आई खुर्चीतून माझं नाव घेत होती, आधी हळू, मग मोठ्यानं. मी तिच्याकडे वळले नाही. मी वेदिकासमोर फरशीवर बसले. तिनं बटण दाबून धरलं, फोन तोंडाशी नेला आणि माझ्याकडे बघत बोलायला सुरुवात केली.

"पप्पा, आज आईनं मला मारलं."